मॅग्नेटवर कोण बसतं?

मंगळवार, लेगीचा बाजारवार. ४ जुलै

कांग त्रिस्नो,

बिस्किटांच्या डब्यात वर जुने कागद आहेत, त्याखाली तुम्ही मागवलेल्या स्पीकरच्या कॉईली आणि अगदी तळाशी हे पत्र. ब्लितारच्या बसचा कंडक्टर डबे उघडून बघतो, म्हणून तळाशी. नवऱ्याला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण तुम्ही माझा नंबरच बंद करून टाकलात, तर बोलू कुणाशी, भिंतीशी?

झाल्या प्रकारात चूक माझी एकटीची नव्हती, हे आधी सांगते. रागाच्या भरात मी फोनवर बोलून निरोप पाठवला, मान्य. पण फोन साऊंडच्या मिक्सरला जोडलेला असताना बायकोचा निरोप उघडण्याचं शहाणपण कुणी केलं? तुमच्या मालकांच्या, पाक कास्दींच्या मैदानात स्पीकरच्या पेट्यांची भिंत उभी, कार्निवलची चाचणी बघायला अर्धं तुरेन गाव जमलेलं, आणि त्या भिंतीतून मी: "हंगाम अर्धा सरला तरी घरची आठवण नाही! तिकडे कुणाच्या हातचं गिळताय?" ट्रकवाला गितो सांगत होता, समोरच्या घराची दोन कौलं खाली आली. एक म्हातारी अंगणातून ओरडली म्हणे, "अरे, जा ना बाबा घरी!" तुम्हाला लाज वाटली. मला काही वाटली नाही. आवाज स्वच्छ आला असं गितो म्हणाला, आणि त्या भिंतीतल्या बहुतेक कॉईली माझ्या हातच्या आहेत.

आता कामाचं. तुमच्या चिठ्ठीवरचं माप मी पुन्हा पुन्हा वाचलं. बारीक ॲल्युमिनियमची तार, आणि गुंडाळी आपल्या नेहमीच्या निम्म्या उंचीची. कांग, हे माप तुमचं नाही. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्यामागे एकच भुणभुण लावली आहे, "लास, तांबं घे, लांब गुंडाळ, पडदा भरपूर पुढे-मागे हलू दे, बास माणसाच्या पोटात उतरला पाहिजे." आखूड, हलकी कॉईल मॅग्नेटच्या फटीत पूर्ण मावते आणि थोड्या ताकदीत मोठ्याने ओरडते, हे मलाही ठाऊक आहे. पण ती नुसती ओरडते. पोटातून बोलायचं म्हटलं की फटीबाहेर येते आणि तिचा दम संपतो. हे सगळं तुम्हीच मला शिकवलंत. मग आता हे माप कुणी शिकवलं तुम्हाला?

तरी गुंडाळून दिलं आहे. काम ते काम. प्रत्येक कॉईल केकच्या ओव्हनमध्ये नीट भाजली आहे, वॉर्निश पक्कं बसलं आहे.

एमाक (तुमच्या आई, विसरला नसाल तर) ठणठणीत आहेत. त्यांना ऐकू येतं तेवढंच येतं. रोज संध्याकाळी दारात बसतात आणि बस थांबली की मान वर करतात.

माप कुणाचं, तेवढं लिहा.

लास्मिनी


गुरुवार, क्लिवोन. १३ जुलै

कांग,

उत्तर मिळालं. "कॉईली बऱ्या. जळका स्पीकर पाठवतो, नवी बसव. नसत्या चौकशा नको." एवढं लिहायला तुम्हाला कागदाचा कोपरा पुरला. तारेच्या दुकानदारालासुद्धा तुम्ही याहून जास्त लिहिता.

तो अठरा इंची स्पीकर काल आला. कंडक्टर आणि मी मिळून उतरवला, कारण मागे तुम्ही आणखी एक मॅग्नेट डकवलं आहे आणि वजन म्हशीएवढं झालं आहे. मी ब्लेडने पडद्यावरची टोपी कापली, पडदा सोडवला, त्याला मागून धरणारी जाळी उचलली आणि कॉईल बाहेर काढली. काळी ठिक्कर. जळकी कॉईल बघून मला वाईट वाटतं, माझी असली की जास्तच. पण ती माझी नव्हतीच.

मी तार अंगाकडे ओढत गुंडाळते. ही अंगापासून दूर गुंडाळली होती. टोकं उलट जोडली की स्पीकरला काही फरक पडत नाही, पण मला पडला. मी भिंग घेऊन बसले. एक तरी फेरा तिरका सापडेल, एखाद्या जागी तारेवर तार चढलेली दिसेल, या आशेने अख्खी दुपार घालवली. काही सापडलं नाही. जळून कोळसा झालेली कॉईल आणि फेरे मात्र केस विंचरल्यासारखे. कांग, तुम्ही तिथे दारू प्यायला असतात, पत्ते खेळला असतात, तर मी बोंबलून गप्प बसले असते. पण असं नीटनेटकं काम? ते माझ्या जिवाला लागलं.

आणि वॉर्निशखाली एक केस होता. लांब. एमाकना खिडकीशी नेऊन दाखवला.

"तुझाच असेल," त्या म्हणाल्या.

"माझे काळे-पांढरे आहेत. हा तांबूस आहे. रंगवलेला."

त्यांनी केस बोटाला गुंडाळून बघितला आणि म्हणाल्या, "मग पुरुषाचा नाही."

"ते मलाही कळतं, एमाक!"

"मग मला कशाला विचारतेस?" असं म्हणून त्या पुन्हा दारात जाऊन बसल्या.

तुमचा स्पीकर दुरुस्त करून पाठवते आहे. आत माझी कॉईल आहे. केस माझ्याकडे ठेवला आहे, तिला हवा असेल तर मागून घेऊ दे.

लास्मिनी


शनिवार, वागे. २२ जुलै

कांग त्रिस्नो,

तुम्ही गप्प राहिलात तर मला कळणार नाही असं वाटलं होतं का? परवा गितो प्लायवूड घेऊन इकडून जात होता. मी त्याला हाक मारून पेचेल वाढलं, उकडलेल्या भाज्या आणि वर शेंगदाण्याची चटणी जास्तीची.

"तिचं नाव काय?" मी विचारलं.

"कुणाचं, म्बाक?"

"तळलेले टेम्पे अजून गरम आहेत, गितो. हवेत ना?"

"निनिंग," तो म्हणाला. "कपांजेनची. आधी पंखे आणि मोटारी गुंडाळणाऱ्या दुकानात होती. हात असा चालतो की बघत राहावं. आणि हसरी आहे. पाक कास्दी तिला विचारल्याशिवाय आता तारही विकत घेत नाहीत."

"आणि तुझे उस्ताद?"

"उस्ताद काय, खुश आहेत. परवा तिने म्हटलं, ही दुहेरी जाळी पडद्याला जड करते, एक काढून टाकू. उस्तादांनी काढून टाकली!"

मी त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली. त्याचं जेवण झालेलं नव्हतं.

एक काढून टाकली. माझ्या म्हणण्यावरून तुम्ही कधी एक स्क्रूसुद्धा बदलला नाहीत. मी काही सुचवलं की, "तू गुंडाळ, विचार मी करतो." आणि ती कालची पोरगी म्हणते आणि तुम्ही जाळी काढता! मोठा आवाज हवा म्हणून आखूड कॉईल, हलका पडदा, एकेरी जाळी. हो, आवाज मोठा होणार. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणार. लोक कानावर हात ठेवणार आणि त्यालाच तुम्ही कौतुक समजणार.

तुम्हाला आपलं पहिलं दुहेरी मॅग्नेट आठवतं का? मला रोज आठवतं. स्वयंपाकघरात चटई टाकून बसला होतात. मागचं मॅग्नेट उलट्या तोंडाने डकवायचं, म्हणजे सगळी ताकद पुढे फटीत जाते, असं कुठूनतरी ऐकून आला होतात. दोन्ही मॅग्नेट एकमेकांना दूर लोटत होती. दाबून धरलं की जमायचं, सोडलं की एक उडून चुलीपाशी. एकदा मधे बोट सापडलं, तुम्ही ओरडलात, मी मिठाचं पाणी आणलं. सगळे चमचे जाऊन त्याला चिकटले. शेवटी तुम्ही म्हणालात, "लास, तू बस यावर." ग्लू सुकेपर्यंत मी त्या स्पीकरवर बसून होते. तिथेच बसून नारळ खवला, मिरच्या निवडल्या. तुम्ही समोर बसून कॉफी पीत होतात आणि हसत होतात. तो स्पीकर वाजला तेव्हा एमाक म्हणाल्या होत्या की त्यांच्या पोटातला भात हलला.

कांग, आता तुमच्या मॅग्नेटवर कोण बसतं?

मला माहीत आहे हे असं विचारू नये. शोभत नाही. गावात कुणी वाचलं तर हसेल. पण मला झोप लागत नाही, जेवण जात नाही आणि तिचे ते सरळ फेरे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मत्सर वाटतो, आणि तो लपवायची अक्कल माझ्यात कधी नव्हती. तिच्या केसांचा वाटतो, हसण्याचा वाटतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त तिच्या हातांचा वाटतो.

लास्मिनी


सोमवार, पोन. ३१ जुलै

कांग,

आलात ना वळणावर!

चिठ्ठी मिळाली. "खालच्या ओळीसाठी सगळ्या कॉईली. तांबं, लांब, आपलं जुनं माप. कार्निवलच्या आधी पाहिजेत." मी ती चिठ्ठी एमाकना वाचून दाखवली, मग शेजारच्या सलूनवालीला, मग आरशासमोर उभी राहून स्वतःला. गितोकडून सगळं कळलं. चाचणीत वरच्या ओळी छान किंचाळल्या, पण खालच्या ओळीत बासचा ठोका आला की कॉईली फटीबाहेर उड्या मारून खडखडायला लागल्या. पाक कास्दी म्हणाले, "त्रिस्नो, हे काय पत्र्यावर दगड पडतायत?" कार्निवलला समोर रोजो ग्लुदुग ही दुसरी स्पीकरवाली कंपनी उभी राहणार आहे आणि त्यांचा बास तर डबक्यातलं पाणी नाचवतो. मग तुम्हाला लास्मिनी आठवली. मोठ्याने ओरडायला निनिंग, आणि पोटातून बोलायचं झालं की लास्मिनी.

मी सगळं काम बाजूला टाकून गुंडाळते आहे. तुम्ही असता तेव्हा तुम्ही तार ताणून धरता, आता पायाच्या अंगठ्याला अडकवून मीच धरते. कॉईली उत्तम झाल्या आहेत. इतक्या चांगल्या मी कधी गुंडाळल्या नसतील.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय डबा बंद करणार नाही. कॉईल ओव्हनमधून थोडी लवकर काढली की वॉर्निश आतून कच्चं राहतं. वरून तशीच चमकते, वासही जवळजवळ तोच. तुम्ही भिंग लावलंत तरी ओळखू येणार नाही. मग मैदानात, सगळ्यांसमोर, कॉईल तापली की वॉर्निश मऊ होतं, फेरे सुटतात, मॅग्नेटला घासतात आणि गाणं संपायच्या आत सगळं शांत. हे मला जमलं असतं. ओव्हनचं दार माझ्या हातात होतं. तुमची ती हसरी बाई अख्ख्या गावासमोर त्या मुक्या पेट्यांपाशी उभी आहे, असं चित्र मी रोज डोळ्यांपुढे आणलं आणि मला बरं वाटलं.

मी तसं केलं की नाही, हे मी लिहिणार नाही. इतकी वर्षं माझ्या हातची कॉईल बसवता आहात. मला ओळखत असाल तर डोळे मिटून बसवा.

एमाकनी केळ्याच्या वाळलेल्या चकत्या दिल्या आहेत. त्या तिला देऊ नका.

लास्मिनी


बुधवार, पाहिंग. ९ ऑगस्ट

कांग त्रिस्नो,

"तुझ्या कॉईली बाजूला ठेवल्या आहेत. असल्या बाईच्या हातचं मैदानात नेण्याची जोखीम मी घेणार नाही. निनिंग जमेल तसं लांब गुंडाळून देते आहे."

या वेळी मात्र पूर्ण कागद वापरलात.

बसवा म्हटलं होतं मी, डोळे मिटून. तुम्ही डोळे उघडे ठेवलेत. एक कॉईल तव्यावर टाकून पाहायची होती, कापून पाहायची होती. मला एक फोन करायचा होता, "लास, खरं सांग." मी रडले असते, शिव्या दिल्या असत्या आणि खरं सांगितलं असतं. ते सगळं राहिलं आणि माझ्याच तोंडाने माझी जागा तिला गेली. तुम्ही बोलावलं होतं कांग, पुन्हा माझं माप मागितलं होतं, आणि मी काय केलं? जिभेला हाड नाही ते नाहीच.

या डब्यात कॉईल नाही. नुसतं पत्र आहे. कंडक्टर म्हणाला, "आज हलका आहे, म्बाक." मी म्हटलं, "हो, आज रिकामाच आहे."

कार्निवल बघायला आम्ही येणार आहोत, एमाक आणि मी. तुम्हाला भेटायला नाही. मैदान काही तुमच्या मालकीचं नाही.

लास्मिनी


रविवार, पोन. २० ऑगस्ट

कांग,

मी तिथे होते.

दुपारीच पोचलो. एमाकना सावलीत ऊसाच्या रसाच्या गाडीपाशी बसवलं आणि मी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून गर्दीत शिरले. तुमची पेट्यांची भिंत बघितली. चांगली दिसत होती. प्रत्येक टोपीवर लाल रंगात तुमचं नाव, आणि तुम्ही नव्या शर्टात. इस्त्री कुणी केली होती, हा प्रश्न मला त्या क्षणीही पडला.

ती दिसली. केस तांबूसच आहेत. पायात रबरी चपला, हाताला भाजल्याचे डाग, माझ्यासारखेच. मला वाटलं होतं तशी सुंदर नाही, आणि त्याने मला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटलं. म्हणजे तुम्ही रूपावर गेला नव्हतात. तिच्या कामावर गेला होतात.

मग तुम्ही सुरू केलंत. आधी वरच्या ओळी, त्या किंचाळल्या. आणि मग खालची ओळ आली. कांग, काय सांगू. पायाखालची जमीन आधी उचलली गेली आणि आवाज मागाहून आला. रसवाल्याच्या गाडीवरचे पेले चालायला लागले. समोरच्या रोजो ग्लुदुगची माणसं आपल्या पेट्या सोडून बघायला आली. एकही कॉईल खडखडली नाही. मी तिथे उभी राहून जळत होते. इतका खोल, इतका गोल बास, आणि तो तिचा! माझं माप, माझं तांबं, माझी वर्षं, आणि तिने ते थोड्या दिवसांत उचललं. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारचा माणूस म्हणाला, "इबू, कानाला त्रास होतो तर मागे जा."

तुम्ही पेटीवर तळवा ठेवून, डोळे मिटून ऐकत होतात. तसेच, जसे आपल्या स्वयंपाकघरात ऐकायचात. पाक कास्दी म्हणाले, "त्रिस्नो, ही खालची ओळ कुणाच्या हातची?" तुम्ही मिक्सरचा माइक घेतलात. माइकच घ्यायचा होता का? आणि म्हणालात, "निनिंगच्या! असा बास माझ्या बायकोला उभ्या जन्मात काढता आला नाही!" लोक हसले. माझा तो निरोप त्यांना आठवत होता, म्हणून जास्तच हसले.

मी एमाककडे परतले. त्यांनी पोटावर हात ठेवला होता.

"खाल्लेलं हललं," त्या म्हणाल्या. "तुझी आहे ना ही?"

"नाही एमाक. तिची आहे. चला घरी."

"काय?"

"तिची आहे!" मी ओरडले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "म्बाक लास्मिनी?"

ती होती. हातात पाण्याची बाटली. म्हणाली, "आवाज ओळखला. सगळं तुरेन ओळखतं."

मी रुमाल मागे सारला. ती म्हणाली, "मारायला आलात का?"

"निघाले तेव्हा तोच विचार होता," मी म्हटलं.

"कुणासाठी, यांच्यासाठी?" तिने तुमच्याकडे बोट दाखवलं. "म्बाक, हा माणूस दिवसभर मॅग्नेटशी बोलतो, आणि मॅग्नेटशी बोलून झालं की तुमच्या तक्रारी सांगतो. मी 'हो उस्ताद, हो उस्ताद' म्हणते आणि माझं काम करते. त्यांना 'हो' म्हणणारं माणूस हवं होतं. एवढंच."

"आणि तो बास?" मी विचारलं.

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मला लांब कॉईल जमली नाही. भाजताना बिघडते, मोटारीच्या कॉईलला इतकं भाजावं लागत नाही. मग मी तुमच्या डब्यातली एक काढली. दुपारभर तापवली, ती काही सुटेना. दुसरी कापून बघितली, आतपर्यंत पक्की. उस्ताद जेवायला गेले तेव्हा खालच्या ओळीत सगळ्या तुमच्या बसवल्या. यांना माहीत नाही. सांगितलं असतं तर काढायला लावल्या असत्या."

एमाकनी फक्त माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात "मी सांगितलं नव्हतं?" एवढंच होतं.

तर कांग, तुमच्या पाक कास्दींना बोलवा आणि त्यांच्यासमोर खालची ओळ उघडा. फेरे अंगाकडे आहेत. मी ती ओळखली नाही, हे लिहायला मला लाज वाटते. पण माझे कान मत्सराने भरले होते, त्यांत दुसरं काही शिरायला जागा नव्हती. आईने ओळखली. परक्या पोरीने तर ऐकायच्याही आधी ओळखली. तुम्ही तळवा ठेवून, डोळे मिटून उभे होतात. तुमचे कान कशाने भरले होते?

लास्मिनी


मंगळवार, पाहिंग. २९ ऑगस्ट

कांग त्रिस्नो,

गितोच्या नंबरवरून तुम्ही तीनदा फोन केलात. मी घेतला नाही, एमाकनी घेतला, आणि त्यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तरी तुम्ही बोलत राहिलात. त्या नुसतं "हं, हं" करत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "रडत होता बहुतेक. फोन गरम झाला."

ओळ उघडलीत असं कळलं. पाक कास्दी तुम्हाला काय बोलले तेही कळलं. निनिंग तिथून निघाली हे तुम्हाला माहीत आहे. कुठे गेली हे माहीत नसेल तर सांगते. माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आहे. गेल्या बुधवारी पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला भाजायला शिकवा, मी तुम्हाला दोन्ही हातांनी गुंडाळायला शिकवते." मला नाही म्हणायचं होतं. एमाकनी तोवर तिला आत घेऊन चहा दिला होता.

असं समजू नका की आम्ही बहिणी झालो. सकाळी एमाक टेम्पे तळतात आणि कडेचा कुरकुरीत तुकडा तिच्या ताटात टाकतात. इतकी वर्षं तो माझा होता. ती हसते तेव्हा शेजारची सलूनवाली खिडकीतून डोकावते. काल मी माझे केस रंगवले. कुणी काही म्हटलं नाही. तिनेही नाही, आणि त्याचा मला आणखी राग आला.

रोजो ग्लुदुगचा माणूस येऊन गेला. पुढच्या हंगामाच्या त्यांच्या खालच्या ओळी आम्ही करणार आहोत. मॅग्नेट आणि पडदे करणारं कुणी आमच्याकडे नाही.

तुम्ही घरी यायचं म्हणता आहात. या. पण आत येण्याआधी अंगणात थांबायचं. दाराशी दोन स्पीकर ठेवले आहेत, दोन्ही अठरा इंची, दोन्हींचं मॅग्नेट तुमचंच. एकात माझी कॉईल आहे, एकात तिची. टोप्यांवर नाव नाही. निनिंग एकामागून एक दोन्ही वाजवेल. तुम्ही तळवा ठेवा, डोळे मिटा, काय हवं ते करा. माझी कुठली ते सांगा आणि आत या. नाही सांगता आलं, तर बस परतीच्या वाटेवर इथूनच जाते.

फार दिवस लावू नका. ती लवकर शिकते. तिची भाजणी आता जवळजवळ माझ्यासारखी झाली आहे. काल मीच अंगणात उभी राहून ऐकलं. जी ऐकताना माझ्या पोटात हललं आणि मी छाती पुढे काढून म्हटलं, ही माझी, ती तिची निघाली. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मी आत येऊन दार लावून घेतलं आणि तुमच्यावरच रागावले, कारण दुसरं कुणी रागवायला नव्हतं.

फरक अजून थोडा आहे, कांग. तो आहे तोवर या.

लास्मिनी